स्टँडर्डपेक्षा निळा

ताई "गुड, गुडर, गुडेस्ट" म्हणाली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. मी पोटासाठी इंग्रजीच शिकवते, सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासमध्ये. दिवसभर लोकांच्या मुलांचं 'मोअर टॉलर' खोडून लाल पेनं संपवायची, आणि घरी आल्यावर सख्ख्या बहिणीने माझ्याच टेबलाशी बसून गुडेस्ट म्हणायचं! असली थट्टा माझ्याच नशिबात असते.

"हसू नकोस," ताई म्हणाली. "सोमवारी त्या बाईसमोर असं काही बोलले तर मला खाली पाठवतील."

खाली म्हणजे रंगाच्या हौदांवर. ताई कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. पहिली बरीच वर्षं तिने खालीच काढली, वाफेत आणि रसायनांच्या वासात. तिथे तिला दमा जडला. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची, आणि आम्ही विचारलं की "दृश्य बघतेय" म्हणायची. समोर नुसती भिंत असायची. मग तिची नजर चांगली आहे म्हणून तिला वर लॅबमध्ये घेतलं, आणि तिचा श्वास पूर्ववत झाला. तेव्हापासून आमच्या घरात लॅब हा शब्द जरा आदरानेच उच्चारतात.

लॅबमधलं तिचं काम सांगायला सोपं आहे. गिऱ्हाइकाने मंजूर केलेला कापडाचा एक तुकडा असतो, त्याला स्टँडर्ड म्हणतात. नवा माल रंगून आला की त्याचाही तुकडा कापायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून दिव्यांच्या एका राखाडी पेटीत बघायचे. स्टँडर्ड डावीकडे, नवा उजवीकडे. ही जागा कधी बदलत नाही. मग ताई सांगते, स्टँडर्डपेक्षा जरा लाल, स्टँडर्डपेक्षा फिका. ती "जाऊ दे" म्हणाली की माल जातो. रंग कितीही जुळला तरी तिथे कोणी "अगदी तसाच" म्हणत नाही. म्हटलं की पुढचा माल बिघडतो अशी त्यांची समजूत आहे. "जाऊ दे" ही तिथली सगळ्यात मोठी शाबासकी.

शेजारच्या कपड्याचा रंग पेटीत पडू नये म्हणून ते सगळे राखाडी कोट घालतात. ताईला तर त्याची इतकी सवय झाली की कुठे लग्नाला जायचं म्हटलं तरी कपाटात तिचा हात राखाडीवरच जायचा. "ढग आले, ढग," असं मी तिला चिडवायची.

आता एक नवं मोठं गिऱ्हाईक आलं होतं, परदेशातलं. त्यांना मध्ये दुभाष्या नको होता. त्यांची तज्ज्ञ बाई शेड, म्हणजे रंगाची छटा, पास करणाऱ्याशी थेट इंग्रजीत बोलणार. तिने कापडाच्या जोड्या बंद पाकिटांतून पाठवल्या होत्या, तशाच जोड्या तिच्याकडेही होत्या. सोमवारी सकाळी व्हिडिओवर एकेक पाकीट उघडायचं, पेटीत ठेवायचं आणि फरक इंग्रजीत सांगायचा. साहेबांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं, "जमलं तर उत्तम. नाही जमलं तर रेडिओला बसवू पेटीसमोर. तुम्हाला खाली काहीतरी बघू."

रेडिओ म्हणजे लॅबमधली ताईच्या हाताखालची बाई. दोन मुलांची आई, आणि तोंडाला विश्रांती नाही, म्हणून हे नाव. इंग्रजीही ती तशीच बोलायची, चुकतमाकत पण न थांबता. ताईला तिची भीती वाटत नव्हती. भीती होती ती खालच्या वाफेची, आणि ती मला ताईपेक्षा जास्त होती, कारण त्या दिवसांत तिची छाती मीच चोळून दिली आहे.

तेव्हा शिकवणी सुरू झाली. ताई कारखान्यातून कापडाच्या जुन्या तुकड्यांची पिशवी घेऊन यायची. खिडकीशी टेबल ओढून आम्ही उजेड असेपर्यंत बसायचो. मी दोन तुकडे ठेवायची, ती बोलायची. गुडेस्ट पहिल्याच दिवशी संपलं. फिका-गडद लगेच जमलं. "डार्कर दॅन द स्टँडर्ड." वा! "रेडर दॅन द स्टँडर्ड." वा वा! 'मोअर' आणि 'अर' एकत्र लावायचे नाहीत, हे माझ्या नववीच्या पोरांना वर्ष संपलं तरी कळत नाही, ते ताईला दुसऱ्या दिवशी कळलं. मला तिचा अभिमान वाटायला लागला.

घोडं अडलं ते निळ्या-हिरव्यावर. मी दोन तुकडे ठेवले. उजवीकडचा स्वच्छ निळा होता, मलासुद्धा दिसत होता. ताई म्हणाली, "ग्रीनर."

"ब्लूअर, ताई. ब्लू म्हणजे निळा."

"ब्लूअर," ताई म्हणाली.

पुढची जोडी. "ब्लूअर," ताई म्हणाली. तो हिरवट होता.

"अगं, आता ग्रीनर! ग्रीन म्हणजे हिरवा. पहिलीतल्या पोरांना येतं हे."

"ग्रीनर," ताई मान डोलावून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी फ्रिजवर रंगांचे कागद चिकटवले. एका शब्दाला एक चापट असा टेबलावर ताल धरून घेतला. आवाज चढवला. माझा पारा चढला की मला स्वतःलाही आवरत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ताई सगळं ऐकून घ्यायची. मुकाट्याने. इथेच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ताई माझ्यापेक्षा मोठी आहे आणि तिने जन्मात माझं काही मुकाट्याने ऐकलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी हात टेकले. सोमवार तोंडावर आला होता.

"राहू दे इंग्रजी," मी म्हणाले. "आधी मराठीत सांग. मग मी इंग्रजीत कसं म्हणायचं ते सांगते. हा उजवीकडचा कसा आहे?"

 ताईने तुकडा उचलला, खिडकीकडे धरला, अंगठ्याने त्याची कड चाचपली.

"बघायला सांगितलंय, चाचपायला नाही."

"हिरवट," ताई म्हणाली.

तो निळा होता. मी पुढची जोडी ठेवली. तिने उगाच डोळे बारीक केले आणि तिचं मराठी उत्तर पुन्हा उलटंच आलं. मी तिसरी ठेवली. मग चौथी ठेवायला माझा हात उठेना.  तिचं इंग्रजी केव्हाच बरोबर झालं होतं. ती रोज तिला जे दिसत होतं तेच सांगत होती, आणि मी रोज तिचा शब्द दुरुस्त करत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. तुला बोलले नाही." ती तुकडे एकावर एक रचत होती. "मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं, काढून टाकला असता. हे आतल्या पडद्याचं आहे. वाढू नये म्हणून औषध दिलंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले. निळं आणि हिरवं एकमेकांत जातं, बाकी सगळं नीट दिसतं मला. लालात तर मी अजूनही कोणाला हार जात नाही."

"आणि निळा माल आला की?"

"रंग मोजायचं यंत्र आहे, त्याचा आकडा बघते. थोडा अंदाज करते."

"अंदाज! आणि चुकला तर?"

"अजून काही परत आलेलं नाही," ताई म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत असावं, कारण ती जरा थांबून पुन्हा म्हणाली, "एकही नाही."

मग मी तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला नको होतं. "मला कशाला शिकवायला लावलंस? इतके दिवस मी घसा फोडतेय."

"सगळ्यांना माहीत व्हायला हवं होतं की माझं इंग्रजी कच्चं आहे," ताई खाली बघून म्हणाली. "सोमवारी निळ्यावर चुकले तर म्हणतील, बाई शब्दात चुकली. नजरेवर कोणी जाणार नाही. आणि तू सगळीकडे सांगतच असतेस."

सांगतच होते. क्लासमध्ये, शेजारी, फोनवर मावशीला. ताई ब्लू-ग्रीनमध्ये कशी गोंधळते ते मी नकला करून सांगितलं होतं. मला तिचा भयंकर राग आला. तिने मला साक्षीदार करून ठेवलं होतं, तेही फुकट. मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच भांडी. ताई मागे बसून राहिली. थोड्या वेळाने तिचा श्वास ऐकू यायला लागला, तो जुना, शिट्टी वाजणारा. नुसत्या काळजीने. हौदावर गेल्यावर काय होईल ते मला त्या आवाजात ऐकू आलं आणि माझा राग तिथेच गळून पडला.

"मी येते सोमवारी," मी हात पुसत म्हणाले.

"येऊन काय करणार?"

"लॅपटॉपच्या मागे उभी राहीन. त्या बाईला मी दिसणार नाही. उजवीकडचा निळा असेल तर कान खाजवेन. हिरवा असेल तर गळ्यातल्या साखळीला हात लावेन. शब्द तुला येतात. रंग मी सांगते."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातलाय. पण नाही म्हणाली नाही.

रविवार सगळा तालमीत गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, ती टेबलाशी बसायची. माझा कान लाल झाला. एकदा मला खरंच खाज सुटली आणि ताई "ब्लूअर!" म्हणून ओरडली, तेव्हा आम्ही दोघी हसलो.  

सोमवारी मी शाळेतून रजा काढली आणि ताईबरोबर गेले. लॅब मी पहिल्यांदाच पाहत होते. भिंती राखाडी, टेबल राखाडी, माणसं राखाडी. खिडक्या काळ्या कागदाने बंद केलेल्या. कोपऱ्यात ती पेटी होती, छोट्या कपाटाएवढी, समोरून उघडी, आत दिवे. तिच्यासमोर ताईचं स्टूल. साहेबांना मी सांगितलं की मी धाकटी बहीण, इंग्रजीची शिक्षिका, ताईला धीर म्हणून आलेय. "बोलायचं मात्र नाही हं," साहेब म्हणाले. मी म्हटलं, छे छे. मलाही एक राखाडी कोट चढवला. त्याच्या आत मी घामाने भिजले होते.

रेडिओ पेटीच्या बाजूला दिव्यांच्या बटणांशी उभी होती. "बसा हो ताई, काही होत नाही, पाणी आणू का, पंखा लावू का, त्या बाई दिसायला प्रेमळ आहेत, मी मघाशी बघितल्या," असं तिचं चालूच होतं. मला तिची बडबड तेव्हा असह्य झाली. ताई पडली तर स्टूल हिला मिळणार, आणि ही पाणी विचारतेय.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. खरंच प्रेमळ होत्या. सावकाश, सुटं सुटं इंग्रजी बोलल्या. मी लॅपटॉपच्या मागे, ताईच्या समोरच तिरकी उभी राहिले. मला ताईचा चेहरा दिसत होता आणि मान वाकडी केली की पेटीही.

पहिलं पाकीट. लाल. ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेडर अँड स्लाइटली डार्कर दॅन द स्टँडर्ड." बाईंनी मान हलवली. दुसरं पिवळं होतं, तेही गेलं. तिसरं पाकीट उघडलं आणि मी कान खाजवला. "ब्लूअर दॅन द स्टँडर्ड." बाई म्हणाल्या, "गुड." चौथ्याला साखळी. "गुड." साहेब पाठीमागे हात बांधून हसायला लागले. मला वाटलं, निभावलं.

मग बाई म्हणाल्या, आता दुसरा दिवा.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रेडिओने बटण दाबलं आणि पेटीत पिवळसर उजेड पडला. आतले दोन्ही तुकडे पार वेगळेच दिसायला लागले. पाचवं पाकीट आलं. मी मान वाकडी केली, सरळ केली, डोळे चोळले. मला फरकच दिसेना. माझ्या घरच्या खिडकीत नुसता दिवसाचा उजेड येतो. माझं सगळं ज्ञान तेवढ्या उजेडापुरतं होतं. माझा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ताई माझ्या हाताकडे बघत होती. बाई वाट बघत होत्या. साहेबांनी घसा खाकरला. 

तेवढ्यात मला ताईच्या खांद्यामागे हालचाल दिसली. रेडिओने आपला हात गळ्याशी नेला होता. तिथे साखळी नव्हती, नुसती कोटाची कॉलर होती, पण बोटं साखळी धरल्यासारखी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि हळूच मान हलवत होती. हिरवा. तिने माझ्या सगळ्या खुणा केव्हाच ओळखल्या होत्या, आणि तोंड बंद ठेवून ती मला उत्तर पुरवत होती.

मी साखळीला हात लावला. पण माझी नजर आधी ताईच्या मागे गेली होती आणि ताई तिच्या मागोमाग वळली. रेडिओचा हात गळ्यावरच राहिला.

 पडद्यावरून बाईंनी विचारलं, "येस?"

"तू माझे निळे परत बघतेस?" ताईने मराठीत विचारलं, अगदी हळू.

रेडिओने साहेबांकडे पाहिलं, खाली पाहिलं. "तुम्ही जेवायला गेलात की. फक्त निळेच, ताई. बाकीच्यांना हातही लावत नाही. एखादा चुकीचा गेला असेल तर परत रंगात पाठवते आणि खालच्यांना सांगते की माझ्याच हातून कापडावर काहीतरी सांडलं."

"काय चाललंय?" साहेब म्हणाले.

मी ताईला डोळ्यांनी विनवत होते. बोल. ग्रीनर म्हण, एवढा एक शब्द. उत्तर समोर आहे, बरोबर आहे, कोणाला काही कळलेलं नाही. बाईंच्या पुढ्यात अजून थोडीच पाकिटं उरली होती. मला त्या क्षणी खरेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त तिची छाती दिसत होती.

ताई स्टुलावर सरळ बसली आणि पडद्याकडे वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "आय डू नॉट सी ब्लू अँड ग्रीन. माय आइज आर बॅड." मग तिने हात मागे करून रेडिओकडे दाखवलं. "हर आइज आर बेटर दॅन माय आइज. इन धिस रूम, शी हॅज द बेस्ट आइज."

एकही चूक नव्हती. मला रडू कोसळलं आणि मी ते कोटाच्या बाहीत कोंबलं. साहेबांचा चेहरा पडला. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढून हातात धरला. त्या म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी." आणि मग, तितक्याच सावकाश, "कॅन शी सिट देअर, प्लीज?"

ताई उठली. तिने स्टूल पेटीसमोर नीट सरकवलं आणि बाजूला झाली. कुठे उभं राहायचं ते तिला कळेना. इतकी वर्षं ती या खोलीत फक्त त्या स्टुलावर बसली होती. शेवटी ती दिव्यांच्या बटणांशी जाऊन उभी राहिली, रेडिओच्या जागेवर. साहेब पुटपुटले, "तुमचं मग बोलू आपण." ताईने मान हलवली. तिचा श्वास वाजत होता, मला पलीकडून ऐकू येत होता.

रेडिओ स्टुलावर बसली. पाचवी जोडी अजून पेटीतच होती. बाई म्हणाल्या, "येस, प्लीज." आणि ही, जिच्या तोंडाला कधी विश्रांती नसते ती, काही बोलेना.  डोळे भरून आले होते आणि ती ते मिटायला घाबरत होती, कारण मिटले असते तर पाणी गालावर आलं असतं.

ताई वाकली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आधी डोळे पूस. भरल्या डोळ्यांनी शेड बघायची नसते."